माणदेशातून परदेशी विद्यापीठाकडे : खर्चाच्या जुळणीचा आढावा

सातारा जिल्ह्यातील माण, सांगली जिल्ह्यातील आटपाडी, सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आणि त्यांना लागून असलेला खटाव व खानापूर या तालुक्यांचा कोरडा भाग मिळून जो सलग अवर्षणप्रवण पट्टा होतो, त्याला ढोबळमानाने माणदेश म्हणतात. येथील विद्यार्थ्याने परदेशी विद्यापीठात शिकायचे ठरवले, तर त्याचा खर्च कोणत्या वाटांनी उभा राहू शकतो, त्या वाटांवर कोणते अडसर आहेत आणि नियोजन किती आधी सुरू करावे लागते, या प्रश्नांचा येथे आढावा घेतला आहे. या विषयावरील चर्चा बहुधा एकूण रकमेभोवती फिरते. चाळीस लाख, साठ लाख असे आकडे ऐकूनच पालक विषय सोडून देतात. या पट्ट्यापुरते बारकाईने पाहिले तर मात्र असे दिसते, की रक्कम किती हवी याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, निर्णायक प्रश्न ती रक्कम कोणत्या रूपात आणि कोणत्या तारखेला हाताशी आहे हा असतो. जमीन, जित्राब, सोने आणि भिशी या रूपांतील संपत्ती घरात असूनही ती बँकेच्या किंवा परदेशी वकिलातीच्या कागदावर उमटत नाही, आणि मंजूर झालेली शिष्यवृत्तीही प्रवेशाची मुदत टळल्यावर हाती आली तर तिचा उपयोग पुढच्या वर्षापुरताच उरतो.

या भागाचा परदेशी शिक्षणाशी आलेला संबंध नवा नाही. औंध संस्थानचे मुख्य ठाणे आजच्या खटाव तालुक्यात होते आणि आटपाडी हा त्याच संस्थानचा भाग होता. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांचे पुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून व बॅरिस्टर होऊन परतले आणि १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी जी राज्यघटना औंधात लागू झाली, तिच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. याच संस्थानच्या हद्दीत १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले व १९२६ मध्ये यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पहिल्या उदाहरणात राजघराणे आणि दुसऱ्यात कारखानदार कुटुंब पाठीशी होते, म्हणजे दोन्ही ठिकाणी खर्चाचा उगम घरातच होता. घराबाहेरच्या आधाराची परंपरा साताऱ्यात वेगळ्या वाटेने रुजली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने वसतिगृह आणि ‘कमवा आणि शिका’ या दोन साधनांनी गरीब मुलांच्या शिक्षणाचा खर्च विभागून घेतला, आणि कर्मवीरांच्या तालमीत वाढलेले पी. जी. पाटील पुढे इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले व शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

या साऱ्यांत नियोजनाच्या दृष्टीने सर्वांत बोधक उदाहरण ज्याचे आहे, तो विद्यार्थी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाला होता. डॉ. भीमराव आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाकडे प्रेरणेचा विषय म्हणून पाहण्याची सवय इतकी पक्की आहे, की त्यातला आर्थिक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि तिच्या मोबदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. कोलंबिया विद्यापीठातील काळ संपवून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले, तेथे अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास सुरू केले, आणि शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपल्यामुळे १९१७ मध्ये ते अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. अभ्यासक्रमाची लांबी आणि पैशाची मुदत यांचा मेळ बसला नाही, हे त्या परतण्याचे सरळ कारण होते. परतताना मात्र त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती, आणि ही परवानगीच पुढच्या साऱ्या जुळणीचा पाया ठरली. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांचे कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य असे तीन प्रवाह एकत्र करून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले व १९२३ पर्यंत त्यांनी तेथील पदव्या पूर्ण केल्या. एका दात्यावर विसंबलेली पहिली योजना मध्येच थांबली आणि बचत, कर्ज व अनुदान यांच्या मिश्रणावर उभी राहिलेली दुसरी योजना तडीस गेली, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यानेही ध्यानात घेण्याजोगी आहे.

योगायोग असा, की महाराष्ट्र शासनाच्या आजच्या दोन प्रमुख परदेश शिष्यवृत्त्या याच दोन संस्थानिकांच्या नावाने चालतात. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू असून ती अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी पदव्युत्तर आणि पीएच.डी. अभ्यासासाठी दिली जाते. पुण्यातील सारथी या संस्थेमार्फत मराठा, कुणबी, मराठा-कुणबी व कुणबी-मराठा समाजातील ७५ विद्यार्थ्यांसाठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, तर खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची स्वतंत्र योजना आहे. माणदेशात धनगर समाजाची वस्ती मोठी आहे आणि राज्याच्या यादीत तो भटक्या जमाती ‘क’ या गटात मोडतो, हे लक्षात घेता या भागाला यांपैकी तिसरी योजना विशेष महत्त्वाची ठरते, पण तिची माहिती मात्र सर्वांत कमी पसरलेली दिसते. या योजनांमध्ये विद्यापीठ हे क्यूएस या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, कुटुंबाच्या उत्पन्नाला मर्यादा असते, आणि शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानभाडे यांचा भार शासन उचलते. निरनिराळ्या विभागांच्या योजनांना एकच समान धोरण लावण्याच्या अलीकडच्या प्रयत्नांत गुणांच्या अटी आणि रकमेच्या कमाल मर्यादा यांवरून बराच वाद झाला. तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या मुलाच्या सांगण्यावर न विसंबता त्या त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय मुळातून वाचणे भाग आहे.

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ विमुक्त, भटक्या व अर्धभटक्या जमातींसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ठेवलेल्या आहेत. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे आणि विद्यापीठ जगातील पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. शेवटच्या चार जागांची संख्या पाहता देशभरातील भूमिहीन मजुरांशी शासनाने केलेला हा व्यवहार औदार्याचा म्हणता येणार नाही. शिवाय २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या योजनेतून वगळण्यात आले आहेत, त्यामुळे आपल्याच गावगाड्यावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्याला ही वाट बंद आहे. निर्वाहभत्त्याचे गणितही तपासून पाहावे लागते. या योजनेच्या गेल्या काही वर्षांतील नियमावलीत अमेरिका व इतर देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर आणि ब्रिटनसाठी ९,९०० पौंड असा भत्ता ठेवलेला आहे. ब्रिटिश शासन मात्र नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने राहण्या-जेवण्यासाठी दरमहा १,५२९ पौंड, नऊ महिन्यांपर्यंत, हाताशी असल्याचे दाखवावे अशी अपेक्षा करते, आणि ही बेरीज १३,७६१ पौंड होते. म्हणजे ‘पूर्ण’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिष्यवृत्तीतही लंडनसारख्या महागड्या शहरापुरती तूट उरते, आणि शहर निवडणे हाही खर्चाच्याच नियोजनाचा भाग होतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायच्या कागदांची अडचण या भागात एका खास कारणाने वाढते. खानापूर, आटपाडी आणि आसपासच्या गावांतील हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी आटवून व त्यातील हीण काढून शुद्ध धातू वेगळा करण्याचा व्यवसाय. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली ही माणसे विट्यापासून केरळ, तमिळनाडू, बंगाल आणि उत्तरेकडील शहरांपर्यंत पसरली आहेत. त्यांची मुले तिकडच्याच शाळांत शिकतात आणि यात्रा-जत्रेला गावी येतात. महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रासाठी सर्वसाधारणपणे राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि तोच या मुलांकडे बहुधा नसतो. जातीच्या दाखल्याला पूर्वजांच्या वास्तव्याची मानीव तारीख लागते. अनुसूचित जातींसाठी ती १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. त्यामुळे आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरमधील उतारा शोधण्यापासून काम सुरू होते. त्यात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांची भर पडते. शालान्त गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले, आधार कार्डावर ते शेवटी आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव गळलेले, असा नावांचा घोळही येथे नेहमीचा आहे. तो दुरुस्त करण्यात जाणारे महिने कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेले नसतात.

शिष्यवृत्ती न मिळालेल्यांसाठी, म्हणजे बहुसंख्यांसाठी, शैक्षणिक कर्ज हाच मुख्य मार्ग उरतो. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेचा ढाचा बहुतेक सार्वजनिक बँका थोड्याफार फरकाने पाळतात. त्यानुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे ७.५ लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार मागितला जातो आणि त्याहून मोठ्या कर्जासाठी मूर्त तारण द्यावे लागते. परदेशी शिक्षणासाठी खर्चाच्या १५ टक्के वाटा कुटुंबाने स्वतः घालायचा असतो व त्याला मार्जिन म्हणतात. नामांकित विद्यापीठांच्या ठरावीक यादीतील प्रवेशाला काही बँका बऱ्याच मोठ्या रकमेपर्यंत विनातारण कर्ज देतात. यादीबाहेरच्या प्रवेशाला मात्र तारणाचा प्रश्न येतो आणि माणदेशातील बहुसंख्य अर्ज नेमके येथेच अडकतात.

कारण या भागातील कुटुंबाची मुख्य मालमत्ता शेतजमीन असते. २००२ चा सरफेसी कायदा थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देतो, पण त्याच कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमीन या अधिकारातून वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ठेवलेल्या या तरतुदीचा दुसरा परिणाम असा, की वसुलीची सोपी वाट नसलेले तारण शैक्षणिक कर्जासाठी घेण्यास बँका नाखूश असतात. आटपाडीत डाळिंबाची दहा एकर बाग असलेल्या शेतकऱ्यापेक्षा पुण्यात दोन खोल्यांची सदनिका असलेला कारकून बँकेच्या नजरेत अधिक पतवान ठरतो, तो या कारणाने. सातबारा बहुधा भावाभावांच्या सामाईक खात्याचा असतो, त्याच्यावर आधीच सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतो आणि वाटणीपत्र झालेले नसते. गावातील घर पक्के आणि दुमजली असले तरी गावठाणातील बांधकामाला ग्रामपंचायतीचा नमुना आठ एवढाच कागद असतो, आणि तो मालकीचा पुरावा म्हणून पुरेसा मानला जात नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, मिळू लागल्या आहेत. ज्या गावात त्या वाटल्या गेल्या, तेथील घराचे कर्जाच्या दृष्टीने मोल पूर्वीपेक्षा वाढते. ज्या कुटुंबाला चार-पाच वर्षांनी मुलीला परदेशी पाठवायचे आहे, त्याने खात्याची वाटणी, मिळकत पत्रिका किंवा एखाद्या गुंठेवारी भूखंडाचे रीतसर नियमितीकरण आधी उरकणे, हे कोणत्याही परीक्षेच्या शिकवणीइतके महत्त्वाचे आहे.

उत्पन्नाच्या पुराव्याचेही तसेच. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे अनेक शेतकरी विवरणपत्र भरतच नाहीत, आणि बँक सहकर्जदाराची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरून ठेवण्यात काही तोटा नाही. गलाई व्यावसायिकांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे सोने आणि खेळते भांडवल असते, पण दागिन्यांवरील कर्ज अल्पमुदतीचे असते आणि शिक्षणाच्या परतफेडीला पंधरा वर्षांची मुदत लागते. सोने मोडून मुदत ठेव करणे आणि तिच्यावर तारणकर्ज घेणे हा मार्ग हिशेबी दृष्टीने अधिक सरळ पडतो, जरी घरातील बायकांना तो पटवणे अवघड असले तरी. म्हसवडला १९९७ मध्ये सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने ग्रामीण बायकांच्या लहान बचतींना बँकेच्या पुस्तकात जागा मिळवून दिली. परदेशी शिक्षणाचा सगळा खर्च अशा बचतींतून निघणार नाही हे उघड आहे, पण अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाचे शुल्क आणि विद्यापीठाला आगाऊ द्यायची रक्कम हा जो पहिला खर्च कर्ज आणि शिष्यवृत्ती या दोन्हींच्या आधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, तो भागवण्यास अशीच नोंद असलेली बचत उपयोगी पडते. भिशीचा किंवा खासगी सावकाराचा पैसा या कामी वापरणे धोक्याचे आहे, कारण तो व्याजाने जड असतो आणि त्याला कागदही नसतो.

कर्जाचे ओझे समजण्यासाठी एक हिशेब मांडता येतो. २० लाखांचे कर्ज साडेदहा टक्के दराने, सारी रक्कम आरंभीच उचलली असे धरून, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची सवलत एवढा काळ हप्त्याविना राहिले, तर सरळव्याजानेच त्यात ६ लाख ३० हजारांची भर पडते. ही रक्कम मुद्दलात मिसळून पंधरा वर्षांत फेडायची तर मासिक हप्ता सुमारे २९ हजार रुपये येतो. अभ्यासाच्या काळात फक्त व्याज भरत राहिल्यास हा हप्ता बराच खाली येतो, म्हणून ‘सवलतीचा काळ’ हा शब्द ऐकून निर्धास्त होणे महागात पडते. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज पात्र विद्यार्थ्याला परत मिळू शकते, आणि या एका योजनेने वरचा हिशेब पुरता बदलतो. उलट २०२४ ची प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना देशातील निवडक संस्थांपुरती आहे, परदेशी प्रवेशाला तिचा लाभ नाही, हे अनेकांना बँकेत गेल्यावरच कळते. प्राप्तिकराच्या कलम ८० ई खाली शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळत आली आहे, पण ती जुन्या करप्रणालीत. परदेशी पैसे पाठवताना उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवर गेली असून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. चलनाच्या दराचा धोका मात्र कोणतीच योजना उचलत नाही. २०१५ मध्ये ६५ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे गेला. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे अंदाजपत्रक करताना दुसऱ्या वर्षाचा खर्च आजच्या दराने मांडणे म्हणजे तूट आधीच ठरवून ठेवणे होय.

देशागणिक खर्चाचे स्वरूप बदलते. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. पण जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट नावाच्या खात्यात एका वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात आणि नंतर दरमहा ९९२ युरो एवढेच काढता येतात. युरोचा भाव १०० रुपये धरला तरी हे जवळजवळ १२ लाख रुपये होतात, म्हणजे ‘फुकट’ शिक्षणासाठीसुद्धा एवढी रोकड एकाच दिवशी उभी करावी लागते. भारतीय विद्यार्थ्याला कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही नोव्हेंबर २०२२ पासून आवश्यक आहे. ब्रिटनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एका वर्षात संपतो हा मोठा लाभ, परंतु तेथे दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. बैलजोडी विकून किंवा पाहुण्यांकडून हातउसने घेऊन अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात टाकलेली रक्कम या नियमापुढे टिकत नाही. मंजूर शैक्षणिक कर्जाचे पत्र मात्र टिकते. अमेरिकेत शुल्क सर्वांत जड असले तरी संशोधनाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली तर शुल्कमाफी आणि वेतन दोन्ही मिळतात, आणि विज्ञान शाखांतील पीएच.डी.चा खर्च बहुधा विद्यापीठच करते. घरची ऐपत नसलेल्या हुशार विद्यार्थ्याला म्हणूनच महागडा देश कधीकधी स्वस्त पडतो.

खासगी व आंतरराष्ट्रीय निधींमध्ये १८९२ मध्ये स्थापन झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट हा सर्वांत जुन्यांपैकी एक असून तो अनुदान न देता कर्ज-शिष्यवृत्ती देतो. ब्रिटनची चिव्हनिंग, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस यांचे निकष वेगवेगळे असले तरी वेळापत्रक सर्वांचेच लांब आहे. अर्ज आणि प्रस्थान यांच्यात वर्षाच्या आसपासचे अंतर असते. शिवाजी विद्यापीठाच्या अंतिम वर्षाचा निकाल हाती आल्यावर विचार सुरू करणारा विद्यार्थी त्या वर्षीच्या जवळजवळ साऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्यांना मुकलेला असतो. शासकीय योजनांचे दुखणे याच्या उलट आहे. त्यांच्या जाहिराती बहुधा उन्हाळ्यानंतर येतात आणि निवडयादी लागेपर्यंत परदेशी सत्र तोंडावर आलेले किंवा सुरू झालेले असते. मधल्या काळात आगाऊ रक्कम भरून जागा राखायची की नाही, हा पेच गरीब कुटुंबाला सर्वांत जास्त जाचतो. अशा वेळी प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलण्याची लेखी मुभा विद्यापीठाकडून मागून घेता येते. पदवीच्या लांबीचाही विचार आधीच करावा लागतो. दहिवडी, आटपाडी किंवा विट्याच्या महाविद्यालयातून तीन वर्षांची बी.एस्सी. झालेल्याला ब्रिटनमध्ये सहसा अडचण येत नाही, पण अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. नव्या शैक्षणिक धोरणातील चौथ्या, ऑनर्सच्या वर्षाचा पर्याय घ्यावा की नाही, हा निर्णय त्यामुळे परदेशी जाण्याच्या निर्णयाशी जोडलेला आहे.

वैद्यकीय शिक्षणाची वाट वेगळी असून येथे तिचा ओझरता उल्लेख पुरे. नीट परीक्षेत कमी गुण पडलेल्या मुलांना रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांत पाठवणाऱ्या दलालांचे जाळे तालुक्याच्या गावांपर्यंत आले आहे. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि त्याच संस्थेत बारा महिन्यांची आंतरवासिता नसेल तर भारतात परवाना मिळत नाही, आणि पदवीनंतरची पात्रता परीक्षा वेगळीच. जमीन विकून दिलेल्या शुल्काची पावती हाती असणे आणि परवाना हाती असणे यांत किती अंतर आहे, हे या नियमांवरून दिसते. इतर शाखांच्या ‘मोफत’ सल्लाकेंद्रांनाही बहुधा विद्यापीठांकडून दलाली मिळते, त्यामुळे दलाली न देणारी विद्यापीठे, म्हणजे बऱ्याचदा कमी खर्चाची सार्वजनिक विद्यापीठे, त्यांच्या यादीत दिसत नाहीत.

माण तालुक्याची ओळख अधिकाऱ्यांचा तालुका अशी आहे. पावसाने दगा दिलेल्या या मुलखाने प्रशासनात मोठ्या संख्येने माणसे पाठवली. त्यामागे बुद्धी आणि जिद्द होतीच, पण माहितीची साखळीही होती. आधी गेलेल्या मुलाने पुण्यात खोली, अभ्यासिका, पुस्तके आणि जाहिरातींच्या तारखा मागून येणाऱ्याला दाखवायच्या, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. परदेशी शिक्षणाबाबत अशी साखळी येथे अजून तयार झालेली नाही. आर्थिक अडचण दोन्ही ठिकाणी सारखीच असताना एका वाटेवर गर्दी आणि दुसरीवर शुकशुकाट का, याचे बरेचसे उत्तर यात आहे. विदर्भात राजू केंद्रे यांच्या एकलव्य इंडिया फाउंडेशनने पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना अर्जलेखनापासून शिष्यवृत्तीपर्यंत मार्गदर्शन करण्याचे जे काम उभे केले, त्याच्या तोडीचा उपक्रम माणदेशातील एखाद्या महाविद्यालयाला फार मोठ्या खर्चाशिवाय करता येईल. त्यासाठी शिफारसपत्र इंग्रजीत नीट लिहू शकणारे दोन प्राध्यापक, गुणपत्रिकांच्या अधिकृत नकला वेळेत मिळवून देणारा एक कर्मचारी आणि भिंतीवर लावलेले एक वेळापत्रक पुरेसे आहे.

खर्च उभा राहिल्यावरही एक पेच सुटायचा राहतो, तो परतण्याचा. आंबेडकरांवर बडोद्याने घातलेली नोकरीची अट आज निराळ्या रूपांत टिकून आहे. चिव्हनिंगचा मानकरी शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्यास बांधलेला असतो, फुलब्राइटच्या व्हिसालाही दोन वर्षांची तशीच अट येते, आणि सार्वजनिक पैशाने शिकलेल्याने मायदेशाच्या उपयोगी पडावे ही अपेक्षा त्यामागे आहे. कर्जाचा दबाव मात्र नेमका उलट्या दिशेने चालतो. महिना २९ हजारांचा हप्ता सातारा-सांगलीकडच्या सुरुवातीच्या पगारातून निघत नाही, तो परकीय चलनातील वेतनातूनच निघू शकतो, आणि ब्रिटनमध्ये शिक्षणोत्तर कामाची मुदत जानेवारी २०२७ पासून दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर येत असल्याने तो काढण्यासाठी मिळणारा अवधीही आक्रसत आहे. जलव्यवस्थापन किंवा पशुविज्ञान शिकून दुष्काळी भागात परतू पाहणाऱ्याला त्यामुळे कर्जावर विसंबणे जवळजवळ अशक्य ठरते आणि त्याच्या बाबतीत शिष्यवृत्ती हीच एकमेव व्यवहार्य तजवीज उरते. कर्ज घेऊन गेलेल्याला ठरल्या मुदतीत नोकरी न मिळाल्यास किंवा त्याचे काही बरेवाईट झाल्यास हप्त्याची मागणी सहकर्जदाराकडे, म्हणजे गावातील वडिलांकडे, येते. म्हणून कर्जाच्या रकमेएवढा मुदतीचा विमा विद्यार्थ्याच्या नावाने काढणे आणि नोकरीविना किमान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी ठेव वेगळी ठेवणे, या दोन खर्चांना मूळ अंदाजपत्रकातच जागा द्यावी लागते.